डावी भिंत

आबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही चित्रांच्या पाठीवर लिहीत बसलो होतो.

नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार होता. मी बावधनहून सकाळी निघाले आणि दहाच्या सुमारास मालेला, आमच्या गावी पोचले, तेव्हा ते ओसरीवर सतरंजी अंथरून तयार होते. टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, फूटपट्टी, कोरडं फडकं. पौडच्या शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी तास सुरू व्हायच्या आधी साहित्य मांडून ठेवायची चित्रकलेच्या मास्तरांची सवय गेली नव्हती.

पुण्यातल्या एका गॅलरीने त्यांची तीन चित्रं निवडली होती. गॅलरीत काम करणाऱ्या जुईलीने मुठा गावातल्या कुणाच्या तरी बंगल्यात त्यांचं एक चित्र पाहिलं, पत्ता विचारत ती मालेला आली, आणि जानेवारीत मारुंजीच्या नव्या हॉलमध्ये आर्ट फेअर भरणार आहे, त्याला चित्रं द्याल का म्हणून तिने विचारलं. आबांनी होय म्हणायला आठ दिवस घेतले. या गॅलरीची एक पद्धत होती. त्यांच्या दालनात डाव्या भिंतीवर हयात नसलेले चित्रकार असत आणि उजवीवर हयात असलेले. शंभर वर्षांपूर्वीचं काम आणि आजचं काम समोरासमोर टांगायचं आणि मधे बघणाऱ्याला उभं करायचं, अशी कल्पना. आबांना ती फार आवडली होती.

“म्हणजे आपण उजवीकडं,” ते म्हणाले. “अजून तरी.”

“आबा.”

“अगं, नियम त्यांचा हाय. माझा न्हाई.”

ते सांगत होते आणि मी लिहीत होते. गोठ्याचं अर्धं दार, दोन हजार चौदा. खाचर, कापणीनंतर, दोन हजार अठरा. पोती, दोन हजार एकवीस. कसं लिहायचं तेही त्यांनी पुन्हा एकदा शिकवलं. पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला, म्हणजे पुढच्या बाजूला वळ उठत नाही. तीन संपली तेव्हा ते म्हणाले, बसलोच आहोत तर जुन्यांवरही लिहून टाकू, आणि आतून ट्रंक ओढत आणली. मला हात लावू दिला नाही.

ट्रंकेत त्यांची जुनी निसर्गचित्रं होती, उरलेल्या उत्तरपत्रिकांच्या कागदात गुंडाळलेली. मुळशीचं पाणी, त्यापलीकडचे डोंगर, उन्हाळ्यात उघडी पडलेली धरणाची कड. बहुतेक जलरंगातली. एक फळीवर तेलरंगात केलेलं त्यांचं स्वतःचं चित्र, पंचेचाळीस वर्षांचे असतानाचं, शाळेच्या पांढऱ्या शर्टात. यातलं काहीही मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. चौऱ्याण्णव, ते म्हणाले. शहाण्णव. हेही शहाण्णव. सत्त्याण्णव. नव्याण्णव.

मग ट्रंक रिकामी झाली.

“ह्याच्या पुढचं एकदम दोन हजार बारा,” आबा म्हणाले. “मधलं विचारतील ते लोक.”

मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक होतं.

“काय सांगायचं?” मी विचारलं.

“तू पुस्तकांची कामं करतीस. लिही काय तरी नीटसं.”

त्यात टोमणा नव्हता. मी तेव्हाही शोधला आणि नंतरही पुष्कळदा शोधला. नव्हता.

दुपारी उषाआत्याने पिठलं-भाकरी आणली. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन माहेरी आली आणि घराच्या मागल्या दोन खोल्यांत राहिली. जेवताना आबांनी तिच्याशी नव्या तांदळावरून वाद घातला. तिचं म्हणणं भात गिच्च होतो, त्यांचं म्हणणं पाणी जास्त पडतं. चार वाजता ते मला म्हणाले, पिरंगुटच्या घाटात गाड्या तुंबायच्या आत नीघ. फाटकापर्यंत आले. पुढच्या वेळी येताना टर्पेंटाइनची बाटली आण म्हणाले. मी बरं म्हटलं आणि आरशात न बघता गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला शेजारच्या गेणबाचा फोन आला. आबा आंघोळीचं पाणी तापवायला म्हणून मागच्या दारी गेले होते. तिथेच बसले होते, भिंतीला टेकून.

•

ते बारा वर्षं का थांबले, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाही माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

दोन हजार सालच्या जानेवारीत त्यांनी पुण्यात एक छोटा हॉल तीन दिवसांसाठी घेऊन प्रदर्शन भरवलं. पहिलंच. त्याआधीची कितीतरी वर्षं ते दर रविवारी सायकलला मागे बोर्ड बांधून पाण्याकडे जात आणि ऊन चढल्यावर परत येत. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, एम.ए. करत होते आणि नुकतंच पुष्कळ काही वाचलं होतं. शेवटच्या दिवशी मी विद्यापीठातल्या दोन मैत्रिणींना घेऊन गेले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. मैत्रिणी भिंतीभिंतीने हिंडल्या, मग त्यातली एक भिडेखातर म्हणाली, छान आहेत गं.

मी म्हणाले, “आबा कॅलेंडरं रंगवतात. खाली तारखा छापायच्या तेवढ्या राहिल्यात.”

त्या हसल्या. मीही हसले. मागे एक कापडी पडदा होता आणि पडद्यामागे आबा सुतळीची गुंडी करत होते. गुंडी करताना सुतळी हातावर जो बारीक आवाज करते तो मला आधीपासून येत होता, आणि तो थांबला तेव्हा मला कळलं. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि माझ्या मैत्रिणींना चहा घेणार का म्हणून विचारलं.

येताना एसटीत त्यांनी चित्रांचा गठ्ठा मांडीवर धरला होता. पौड येईपर्यंत आम्ही शाळेबद्दल बोललो. त्या रविवारी सायकल दारात उभी राहिली. पुढच्या रविवारीही. आईने एकदा विचारलं तेव्हा इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेच्या मुलांचे जादा तास आहेत म्हणाले.

मी माफी मागितली नाही. आधी वाटलं, मागितली तर त्यांनी ऐकलं होतं हे दोघांनाही कबूल करावं लागेल. मग वर्षं गेली आणि विषय काढणं हाच एक नवा अपमान वाटू लागला. दोन हजार बारामध्ये आई गेली. त्यानंतर महिन्याभराने त्यांनी रंगांची पेटी उघडली, पण पाणी आणि डोंगर पुन्हा काढले नाहीत. घराच्या शंभर पावलांच्या आतलं काढलं. दार, पोतं, खाचराचा एक कोपरा. कॅलेंडरवर येणार नाही असं.

•

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी जुईलीचा फोन आला. ती तिशीची असेल, कामाला चोख, मनाने चांगली. पहिली पाच मिनिटं तिला मुद्द्यावर येता आलं नाही. मग म्हणाली, “गौतमीताई, एक विचारायचं होतं. लेबलं छापायला द्यायचीत. सरांच्या नावापुढे...” आणि थांबली.

तिला दुसरं साल हवं होतं. आधी नुसतं जन्म एकोणीसशे एक्कावन्न असं छापायचं होतं. मी साल सांगितलं. ते तिला माहीत होतंच. माझ्या तोंडून यायला हवं होतं, एवढंच.

“आणि मग ते डाव्या भिंतीवर जातील,” ती म्हणाली. “चालेल ना तुम्हाला?”

मी विचारलं, न चालून काय करता येईल. मग हो म्हटलं. मला तिला अडवायचं नव्हतं.

डाव्या भिंतीवर चित्रकाराचं सुरुवातीपासूनचं काम दाखवत, त्यामुळे आता जुनी चित्रंही लागणार होती. ती बघायला गॅलरीचे मालक शरदचंद्र स्वतः मालेला आले. सत्तरीचे, हातात काठी, बोलणं कमी. ओसरीवर मी ट्रंकेतली चित्रं एकेक लावत गेले आणि ते खुर्चीवर पुढे वाकून बघत राहिले. दोनदा चहा झाला. शेवटी त्यांनी विचारलं, “ही कुणाला दाखवली नाहीत?”

“एकदा दाखवली होती,” मी म्हणाले.

“मग?”

“कुणी आलं नाही फारसं.”

तेही खरंच होतं.

जुईलीने भिंतीवर लावायच्या मजकुरासाठी मला शंभर शब्द मागितले. बारा वर्षांचा खंड तिच्या नजरेतून सुटला नव्हता. उलट तिला तोच महत्त्वाचा वाटत होता. तिचं म्हणणं, खंडाच्या आधीचा चित्रकार आणि नंतरचा चित्रकार ही दोन वेगळी माणसं आहेत. मधे काहीतरी झालं असणार, आणि जे झालं त्याने त्यांना खरा चित्रकार केलं. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते. कुणी मला इतक्या सहज सोडवू शकेल असं वाटलं नव्हतं. मी केलं ते त्यांच्या भल्याचंच झालं, असं मानायला फक्त मान डोलवायची होती.

मजकूर मी रविवारी लिहिला. ‘शाळेच्या जबाबदाऱ्यांमुळे या काळात त्यांची चित्रकला थांबली.’ मी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर काम करते. वाक्य पोकळ असलं की हाताला कळतं. हे पोकळ वाजत होतं. शाळा तर आधीही होती. म्हणून मी ‘घरच्या’ हा शब्द घातला. ‘शाळेच्या आणि घरच्या जबाबदाऱ्यांमुळे.’ आता ते भरल्यासारखं वाटलं. पाठवून दिलं.

•

फेअर तीन दिवसांचा होता. पहिल्या सकाळी मी गेले तेव्हा टांगणी पूर्ण झाली होती. डावी भिंत राखाडी रंगवली होती, उजवी पांढरी. उजवीकडे सहा-सात जण होते, एक मुलगी तर पंचवीसची. तिने जुन्या पत्र्यांवर काम केलं होतं. डावीकडे सुरुवातीला एकोणीसशे वीसच्या सुमाराचं घाटाचं एक अभ्यासचित्र, चित्रकाराचं नाव कळलेलं नाही असं, मग आणखी चार जुने चित्रकार, मग आबा. चार जुनी चित्रं, नंतर दोन-अडीच हात मोकळी भिंत, नंतर अलीकडच्या तिनांपैकी दोन. ती मोकळी जागा शरदचंद्रांनी मुद्दाम सोडली होती. मजकुराचा तक्ता त्यांनी तिच्याच वर लावला होता.

चित्रांवर दिवे होते. एवढ्या उजेडात मी आबांचं पाणी कधीच बघितलं नव्हतं. सत्त्याण्णवच्या चित्रात पांढरा रंग कुठेच लावलेला नाही. जिथे पाणी चमकतं तिथे कागद तसाच ठेवलाय, आणि भोवती तीनदा, प्रत्येक वेळी आधीचा थर वाळू देऊन, फिकट निळा-करडा चढवलाय. एका सकाळचं ते काम नव्हतं. त्याच जागी, त्याच वेळेला, तीन रविवार जाऊन बसलं तरच होईल असं होतं. त्याच भिंतीवरच्या शंभर वर्षांपूर्वीच्या घाटाच्या चित्रापुढे ते कमी पडत नव्हतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मग एका गार्डने मला विचारलं की मॅडम, रस्ता जरा मोकळा ठेवाल का.

ते तीन दिवस मी गॅलरीच्या पाहुणीसारखी होते. कुणी विचारलं तर सांगायचं, एरवी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं. हिंजवडीतली जोडपी सुट्टी असल्यासारखी हिंडत. एकाने मला विचारलं, हे याहून रुंद मिळेल का, सोफा आठ फुटांचा आहे. दोन मुलींनी मोकळ्या भिंतीपुढे उभं राहून फोटो काढले, कारण तिथे मागे चित्र येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक मध्यमवयीन बाई सत्त्याण्णवच्या चित्रापाशी आल्या, नवऱ्याला म्हणाल्या, “बघ ना, पाण्यात हात घालावासा वाटतो,” आणि पुढे गेल्या. ते मी घरी गेल्यावर कुणाला सांगावं, असा विचार केला. जेवणाचा डबा पडद्यामागच्या सामानाच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या मधे बसून खाल्ला.

रविवारी दुपारी गेणबाच्या जीपमधून आत्या आली. गेणबाने धुतलेली टोपी घातली होती. हॉलकडे मान वर करून बघत तो म्हणाला, “हितं माझ्या मेव्हण्याचं वावर हुतं. पास काढून आत यावं लागंल असं वाटलं न्हवतं.”

मी त्यांना दालनाशी आणलं आणि सवयीने समजावून सांगितलं. उजवी भिंत जिवंत माणसांची. ही डावी, ती गेलेल्यांची.

आत्याने चपला काढल्या. राखाडी कार्पेट सुरू होतं तिथे त्या नीट जोडून ठेवल्या आणि डाव्या भिंतीच्या पहिल्या चित्रापुढे जाऊन हात जोडले. मग दुसऱ्यापुढे. तिसऱ्यापुढे. मला तिला अडवता आलं नाही. गेणबाने एकदा माझ्याकडे, एकदा आपल्या बुटांकडे पाहिलं आणि बूट काढणं जिवावर आल्यामुळे तो बाहेरच थांबला.

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला मागे गेले. जुईलीचा आवाज ऐकून परत आले.

“मावशी, नका हो. हात नका लावू.”

आत्या आबांच्या चित्रापुढे उभी होती, त्या पांढऱ्या शर्टातल्या. तिच्या डाव्या तळहातावर अष्टगंधाची डबी उघडी होती. चित्रातल्या आबांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, ओल्या अष्टगंधाचं बोट उमटलं होतं. घरी फोटोला ती रोज सकाळी लावते, तसं.

चारपाच माणसं जमली होती. एकाने फोन वर धरला होता. जुईलीचा चेहरा उतरला होता. ती तेच तेच बोलत होती, हे तेलरंग आहेत, याला काच नाही, असं कसं केलंत. आत्या तिच्याकडे समजून घेण्याचा प्रयत्न करत बघत होती.

“सगळ्यांस्नी लावलंय की,” ती म्हणाली. तिने बोट दाखवलं. इतर चित्रांच्या खाली, लेबलांच्या कोपऱ्यात, लाल गोल टिकल्या होत्या. “ह्यांना लावलंय, त्यांना लावलंय. आमच्या दादालाच तेवढं न्हाई. का म्हनून? मास्तर हुता म्हनून?”

जुईलीने टिकल्यांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “मावशी, ते चित्र विकलं गेलं की लावतात. खूण असते ती.”

“इकल्यावर?”

“हो.”

“आन ह्यो इकला न्हाई?”

“हे विकायचं नाही म्हणून ताईंनी सांगितलंय.”

“मग पुसू नका,” आत्या म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं. तेवढ्यात शरदचंद्र काठी टेकत आले. त्यांनी चित्राकडे पाहिलं, फोन धरणाऱ्याच्या आणि चित्राच्या मधे जाऊन उभे राहिले, आणि जुईलीला म्हणाले की वर वॉर्निश आहे, निघेल, आत्ता कुणी घासायचं नाही, आपण वर्कशॉपवर बघू. मग आत्याकडे वळून म्हणाले, “बसा बाई. दमला असाल.” लोक पांगले.

समोरच्या बाकावर आत्या बसली, मी शेजारी. तिच्या पायांत चपला नव्हत्या. आपण काहीतरी बिघडवलं, हे तिला आता कळत होतं. डबी बंद करताना तिचं झाकण दोनदा चुकलं. मी म्हणाले, काही झालं नाही, निघणार आहे ते. ती म्हणाली, व्हय. मग तिने मोकळ्या भिंतीकडे पाहिलं.

“तितं काय लिवलंय?” तिने विचारलं. “चष्मा जीपमधी ऱ्हायला. दादाचंच हाय का?”

“आबांचंच आहे.”

“वाच की.”

मी उठून वाचायला हवं होतं असं नव्हतं. मजकूर मला पाठ होता. मी बसल्या जागेवरून म्हणून दाखवला. जन्म माले, मुळशी तालुका. पौड येथे चौतीस वर्षं चित्रकला-शिक्षक. धरणाच्या परिसरातली निसर्गचित्रं. मग ते वाक्य. शाळेच्या आणि घरच्या जबाबदाऱ्यांमुळे या काळात त्यांची चित्रकला थांबली. मी पुढचं वाक्य सुरू केलं, तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“घरच्या जबाबदाऱ्या,” ती म्हणाली. “म्हंजी मीच की.”

“नाही गं आत्या.”

“अगं, असू दे. नाव घातलं न्हाईस, लई बरं केलंस. पर खरं तेच लिवलंस.” तिचा आवाज अगदी साधा होता. “मी दोन पोरं घिऊन आले त्या साली त्यानं पेटी बांधून ठिवली. कवा बोलला न्हाई. वैनीबी बोलली न्हाई. पर मला काय दिसत न्हवतं व्हय? ऐतवार आला की सायकल दारात उभी. पोरांच्या शाळा, कपडे, दुखणी, सगळं त्याच्या अंगावर. माझ्यापायी त्याचं ह्ये सुटलं. पंचवीस वर्सं झाली, गौतमे. त्याच्या म्होरं बसून कवा पोटभर जेवले न्हाई मी.”

मला आबांबरोबरचं त्या शेवटच्या मंगळवारचं जेवण आठवलं. ती खरंच मधेच उठली होती, ताक आणते म्हणून. ती नेहमीच उठायची. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तिला एका जागी बसवत नाही.

आत्या आली ती दोन हजार सालच्या भाद्रपदात. तोवर सायकल आठ महिने दारात उभी होती. ती सासरी होती, तिला हे माहीत असायचं कारण नव्हतं. आई गेली, आबा गेले. माझ्या मैत्रिणी ते वाक्य त्याच संध्याकाळी विसरल्या असतील. तेव्हा हे आठ महिने आता फक्त माझ्याकडे होते. मी गप्प बसले असते तर भिंतीवरचं वाक्य खरं ठरलं असतं. आत्याने ते स्वतःहून खरं केलं होतं. सही द्यावी तसं. जुईली टेबलाशी उभी होती आणि ऐकत नाही असं दाखवत होती. शरदचंद्र चित्राकडे पाठ करून उभे होते. गेणबा कार्पेटच्या कडेला, आत्याच्या चपलांपाशी, घड्याळ बघत होता.

आत्याने पदराने तळहातावरचं अष्टगंध पुसलं आणि म्हणाली, चल, निघते, अंधार पडायच्या आत पोचू.

“आत्या, बस,” मी म्हणाले.

ती बसली.

“तू भाद्रपदात आलीस. आबांनी जानेवारीतच सोडलं होतं. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. ही समोर लावलीत ना, हीच चित्रं होती. मी मैत्रिणींना म्हणाले, आबा कॅलेंडरं रंगवतात. ते पडद्यामागे होते. त्यांनी ऐकलं. आणि त्यांनी ऐकलंय हे मला तेव्हाच कळलं होतं, आत्या. त्याच क्षणी कळलं होतं.”